मुळाशी दोन बोटं

शनिवारी सकाळी सातलाच रांग लागते माझ्या दारात,
सांतियागोच्या या गल्लीत, चिकन तळणाऱ्याच्या शेजारी.
डोक्यावर प्लास्टिकच्या टोप्या, पायांत सपाता
आणि प्रत्येकीच्या मुळाशी
दोन बोटं खरे केस.

त्यांनाच आम्ही इथे वाईट म्हणतो.
वाईट केस, चांगले केस.
माणसांबद्दल बोलतोय असं कुणी कबूल करत नाही.

एकतीस वर्षं सरळ करतेय मी ते.
धुवायचे, ओढून रोलरवर गुंडाळायचे,
घंटेसारख्या यंत्राखाली तासभर शिजू द्यायचे,
मग ब्रश, मग गरम वारा; कानाची पाळी थोडी भाजतेच.
माझे स्वतःचे काही उन्हात पांढरे झालेले नाहीत,
या वाफेत झाले.
मध्येच वीज गेली की सगळ्याजणी
अर्ध्या सरळ, अर्ध्या कुरळ्या
गप्प होतात,
कपडे बदलताना कुणी दार उघडावं तशा.

योकास्ता बँकेत काउंटरवर बसते.
मार्चमध्ये आली, म्हणाली, काप.
सरळ आहे तेवढं सगळं काप.
मी दोनदा विचारलं.
कात्रीबरोबर फरशीवर पडत गेलं
तिच्या सासूचं कौतुक,
ओळखपत्रावरचा तिचा फोटो.
उरले ते मिरीच्या दाण्यांसारखे, घट्ट.
ती हसली नाही, रडलीही नाही.
मान इकडे वळवली, तिकडे वळवली,
भाड्याने घ्यायचं घर बघावं तशी.

पंधरा दिवसांत परत.
मॅनेजर वाईट काही बोलला नव्हता,
एवढंच विचारलं होतं: आजारी होतीस का?
आणि नव्या ओळखपत्राच्या खिडकीतली बाई
(तिचे केस माझ्याच हातचे)
म्हणाली होती, विंचरून या.
मी तिला विग दिला. नऊ ते पाच.
पाचला ती तो पर्समध्ये ठेवते
आणि बसमध्ये बँकेची गिऱ्हाइकं तिला ओळखत नाहीत.
"तेवढीच सुट्टी," म्हणते.

ऑगस्टमध्ये माझी आई गेली.
दोन्या एउडोसिया, ब्याऐंशी वर्षांची.
सगळी हयात केस डोक्याभोवती फिरवून,
पिना खोचून, वर जुना नायलॉनचा मोजा चढवून झोपली.
पाऊस आला की छत्री आधी तिच्या डोक्यावर, मग माझ्या.
शेवटचं वर्षभर मात्र हात लावू दिला नाही.
फडका बांधून बसायची.
म्हणायची, दुखतं गं आता.

तिला आंघोळ घालताना तो फडका मीच सोडला.
सरळ केस नव्हतेच.
तिने ते कापून टाकले होते, स्वतःच,
बहुतेक स्वयंपाकघरातल्या कात्रीने, वाकडेतिकडे.
होते ते पांढरे, दाट;
ओढले की लांबत, सोडले की
आपल्या जागी जाऊन बसत.
कपाळाशी एक भोवरा.
अठ्ठावन्न वर्षांची मी,
आणि तो पहिल्यांदा बघत होते.
नंतर आरशात आपलं कपाळ चाचपलं.

बाहेर खुर्च्या मांडत होते,
आल्याचा चहा उकळत होता.
शेजारणी येणार होत्या, पेटीचं झाकण उघडं राहणार होतं.

काय केलं ते सांगते.
सगळ्यात लहान रोलर घेतले.
हातांना विचारावं लागलं नाही.
सगळ्याजणी वाकून बघत होत्या, डोळे पुसत म्हणत होत्या,
"अगदी आहे तशी दिसते."

मानेपाशी, उशीला टेकलेल्या बाजूला,
एक बट तेवढी तशीच ठेवली होती मी.
कुणाला दिसली नाही.

तिथली माती ओलसर आहे.
एव्हाना बाकीचेही
परत आपल्या जागी गेले असतील.